डावा कान

आश्लेषा हे नाव मी पंचांगातून उचललं,
बाकीचं सगळं माणसांतून.
(प्रकाशक म्हणाले, नक्षत्र वाईट. म्हटलं, असू दे.)

चौथ्या वर्षी बापाची चुकलेली चाल दाखवणारा एक परदेशी पोरगा,
कॅमेऱ्याच्या घरघरीवर भडकून उठून जाणारा दुसरा,
मद्रासकडचा तो, घड्याळाला वेळच न देणारा.
जुन्या अंकांची कात्रणं डिंकानं डकवावीत
तसे डकवले मी त्यांना एका अकरा वर्षांच्या मुलीत
आणि तिला राहायला खोली दिली
पेरूगेटजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर.

उभी राहीना.
दीडशे पानं झाली तरी पटावर नुसतं कपाळ वाकलेलं,
कपाळामागे कुणी नाही.

मग एका रविवारी कर्वे रस्त्यालगतच्या
मंगल कार्यालयात गेलो.
मुहूर्त नव्हता, म्हणून स्पर्धा होती.
स्टेजवर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं,
वराचं नाव शाबूत, वधूचं अर्धं गळलेलं.
हॉलभर मसालेभाताचा शिळा वास
आणि साठ पोरं, गप्प.
बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी आईबाप,
मांडीवर डबे, न उघडलेले.

तिथे हेमलता पासलकर.
पंच. सिटी पोस्टातून निवृत्त.
कुणीतरी हळूच सांगितलं, एके काळी राज्यात पहिल्या.
दोन फेऱ्यांच्या मध्ये एका पोरासमोर पट मांडून बसल्या
आणि अवघड जागा आली तशी
डावा हात डाव्या कानावर.
पाळी चिमटीत धरून, अलगद,
आत कुणी झोपलेलं असताना
कडी सरकवतात तशी.

घर येईपर्यंत दम निघेना.
अलका टॉकीजच्या सिग्नलला, बसमध्ये उभ्या उभ्या,
तिकिटामागे लिहिलं: कान.
त्या रात्री आश्लेषानं पहिल्यांदा मान वर केली.

मी लिहिलं, ती कान धरते तेव्हा
बारा चालींपुढचं ऐकत असते.
समीक्षकांना ते वाक्य फार आवडलं.

पुस्तक घेऊन धनकवडीला गेलो.
बाईंनी चष्मा लावून तेवढंच पान वाचलं.
म्हणाल्या, "अहो, कान फुटायचा माझा.
पू यायचा. ठणका लागायचा.
सांगलीला अकराव्या फेरीत असा ठणकला
की उंट म्हणून घोडा उचलला.
हात लावला की चाल. गेला डाव.
येताना एसटीत वडील साताऱ्यापर्यंत बोलले नाहीत."
"आणि साताऱ्याला?"
"म्हणाले, भूक लागली का."

हे आता कुठे घालणार होतो मी?
माझी मुलगी शेवटच्या पानावर
जिंकून बसली होती,
दोन आवृत्त्यांत.

गेल्या महिन्यात पुन्हा तेच कार्यालय.
वारज्याची रेवा गुंजाळ, वय नऊ, पाय जमिनीला न टेकणारे,
समोर वजीर अडकलेला,
आणि डावा हात कानावर.
"दुखतो का गं?" बाई एकदम वाकल्या.
तिनं मान हलवली. कुजबुजली,
"आश्लेषा असंच करते. मग तिला सुचतं."
"आणि तुला?"
"मला अजून नाही."

डाव चालू असता पंचांनी बोलायचं नसतं,
हे बाईंना तेव्हा आठवलं.
माझ्याकडे एकदा पाहिलं, रागानं नव्हे,
मनिऑर्डरचा फॉर्म चुकीचा भरलेल्या माणसाकडे
खिडकीतून पाहावं तसं.
पुढच्या टेबलाकडे निघाल्या
आणि चालता चालता
उजव्या हातानं आपलाच डावा कान
एकदा चाचपून घेतला,
जागेवर आहे ना.