छाट

हुलगा परवा गेला. काल मटकी.
आज कोथिंबिरीची पिशवी चुरचुरली
आणि खोक्यातून कुणीच शीळ घातली नाही.
एरवी पिशवी वाजली की
सातजणांचा एकदम गलका,
पलीकडून नरसम्मा भिंतीवर थाप मारायची,
तुझी पाखरं आवर की गं!

पाखरं नव्हेत. डुकरंही नव्हेत.
श्रीहरी म्हणायचा गिनीपिग.
पुण्याला नोकरी लागली, खोली मिळेपर्यंत ठेव म्हणाला.
नावं मी दिली, फळीवरचे डबे बघून:
हुलगा, मटकी, तूर, जवस, कारळं,
राळा, आणि सगळ्यात बारकी खसखस.

आधी हुलग्याचा डोळा चिकटला.
मग नाक. मग श्वास,
जुन्या मागाचा धोटा अडकावा तसा:
खट्,
पुढं काही नाही,
परत खट्.

गुरांच्या दवाखान्यात
माझ्यापुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या.
लोक पिशवीत डोकावून हसत होते.
हत्तुरे डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
एवढ्याशा छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.
म्हणाल्या, एकाचं दुसऱ्याला लागतं,
आजारी आणि चांगली वेगळी करा.
घरातल्या गोळ्या देऊ नका, माणसाचं औषध यांना मारतं.
रोज वजन करा. खात नसतील तर भरवा.
मग विचारलं, घरात धूळ कसली?

मी हात पदराखाली घेतले.
तंबाखूचा वास पदराला ऐकतो होय?
तीस वर्षं, दिवसाला हजार विड्या,
आणि खोकं माझ्या सुपाला लागून,
सोबत म्हणून.
बाई हुलग्याला पिशवीत ठेवत म्हणाल्या,
आणि तुमचा खोकला कधीपासून?
म्हटलं, मी त्यासाठी नाही आले.

वेगळं करणं मला कुणी शिकवायला नको.
कारखान्यात चेकर नुसतं बोट फिरवतो,
सैल, वाकडी, फाटक्या पानाची
छाट म्हणून मोडून टाकतो. तिचे पैसे नाहीत.
इथं चेकर मीच.
राळा शिंकला
की नुसतं नाक खाजवलं?
दोनदा या खोक्यात, दोनदा त्या.
रात्री एकला उठून परत या.

तंबाखूचा तराजू तीन पाण्यानं धुतला.
नळाला चार दिवसाआड पाणी, तरी धुतला.
एका पारड्यात जवस, दुसऱ्यात वजनं.
सोमवारी सातशे. मंगळवारी सहाशे ऐंशी.
विड्यांच्या वहीतच रकाना आखला.
मालक मापात मारतो तेव्हा मी गप्प असते,
इथं दहा ग्रॅमसाठी देव पाण्यात घातले.

ढबू मिरचीचा रस, गवत वाटून गाळलेलं,
बिनसुईच्या सिरिंजनं, थेंब थेंब.
तूर दातात धरते, गिळत नाही.
गिळ की गं माय.
हनुवटीवरून हिरवं ओघळ माझ्या मनगटावर.

कारळं दुपारी मांडीवरच.
बेचाळीस डिग्री ऊन,
पाण्याच्या टाकीमागं खुरपं ठण् ठण् वाजलं,
मुरूमच सगळा.
टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी होती घरात.

श्रीहरीचा फोन.
आवाज का येईना त्यांचा?
झोपलेत, म्हटलं. ऊन किती आहे इकडं.
आणि तू जेवलीस का?
जेवले.

आता सूप बाहेर ओट्यावर.
वाऱ्यानं पान वाळून मोडतं,
दिवसाला सहाशेसुद्धा होत नाहीत.
नरसम्मा काही न बोलता
शेवग्याचा पाला टाकून गेली दारात.

रात्री खसखस तीनशे पाच.
काल तीनशे होती.
पाच ग्रॅम.
पण एवढी तर तंबाखूचीच भुकटी असेल
पारड्याच्या काठाला.
पारडं पदरानं पुसते.
पदर बघते, झटकते,
दुसरं धडकं घेऊन परत पुसते.
ये, बस परत.
हलू नको.