फक्की

लीगच्या साहेबानं फीत लावून मैदान मोजलं
आणि म्हटलं, रेषा सरळ पाहिजे,
नाहीतर इथं सामना होणार नाही.
बोरकुटे सरांची कंबर तेव्हा धरलेली.
त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.
मी खिचडीचा गंज घासत होते.

दिवाळीपासून होळीपर्यंत, एकाआड एक शनिवार,
सुतळी ताणायची,
खिळ्यानं बूड भोसकलेल्या डब्यात फक्की भरायची
आणि मागं मागं चालत जायचं, वाकून,
तलावाकडं उतरत्या जमिनीवर.
मधल्या गोलासाठी वेगळा दोर,
दोन्ही टोकांना फास : नऊ मीटर, पंधरा सेंटीमीटर.
एकीकडं खुंटी, एकीकडं मी.
तेवढ्या फेऱ्या मी देवळालाही घातल्या नाहीत.

भिलाईला आमचे पोट्टे नऊ-शून्यानं हरले.
रायपुरात सहा. नागपुरात चार;
तिथं टिकेश मडावीनं हिरवळ पाहिली
आणि बूट काढून बाहेर ठेवले.
असल्या गवतावर बुटानं चढायचं?
लोमेश गोलकीपर. परत आला की
आकडा बोलायचा नाही, बोटं दाखवायचा.
भिलाईहून आला तेव्हा दोन्ही हात वर,
एक अंगठा मिटलेला.

मग माघात जबलपूरवाले इथं येणार होते.
त्यांची गाडी भिवापूरच्या पुढं
मिरच्यांच्या सातऱ्याजवळ बंद पडली.
पंचानं अर्धा तास घड्याळ पाहिलं,
शिट्टी मारली,
कागदावर तीन-शून्य लिहिलं,
मोटारसायकलवर बसून गेला.
जिंकलो. कोणीच ओरडलं नाही.
लोमेश हातमोजे काढेना.

साडेचारला गाडी आली.
पोरं शिंकत उतरली, डोळे लाल,
पहिल्यानं कोण बोलेल म्हणून उभीच.
तोवर मैदानातून शेळ्या गेलेल्या,
माझी एक बाजू पुसलेली.
दोन्हीकडचे सर एकमेकांकडं पाहत होते.
मी डबा उचलला.

तो सामना कुठंच लिहिलेला नाही.
फाऊल झाला की ज्यानं केला त्यानंच हात वर करायचा.
चार-दोन हरलो.
पण दोन!
एक टिकेशचा,
दुसरा कोणाचा यावर अजून भांडणं आहेत.
शेवटी चेंडू दिसेना, नुसत्या रेषा दिसत होत्या.
मग एका गंजात दोन गावांची पोरं.
वरणात दोनदा पाणी वाढवलं.

तक्त्यात आम्ही खालून पहिले.
एक विजय, तोही न खेळलेला.

आता चैत लागला.
भाऊ म्हणाला, तो दोर दे, गोऱ्ह्याला लागते.
गाठी सोडून देते म्हटलं.
दातानं ओढल्या, खिळा घालून पाहिला, सुटेनात.
तसाच दिला.
काल पाहते तर मैदानात खुंटी ठोकलेली
आणि गोऱ्हा चरत फिरतोय.
भाऊ म्हणतो, त्याले पुरत नाही, काहून इतका आखूड?
मी म्हटलं,
नियम आहे.