अंक सत्तावीस

बर्डीच्या फुटपाथवर पाच रुपयांत मिळाली
हेर शलाका, शेवटचं पान फाटलेलं.
कूलरसमोर पालथी पडून
निमाताईनं बॉलपेननं तिचे शेवट काढले.

एकात ती झिरो माइलपाशी पिस्तूल पुरते
आणि दगडी घोड्यांना पाणी पाजते.
एकात दुश्मनाशीच लग्न:
अजनीचं क्वार्टर, तव्यावर पोळी,
पिठाच्या डब्यात सात पासपोर्ट.
एकात ती कधी सापडतच नाही,
म्हणून ते पान
ताईनं कोरंच ठेवलं.

ताई आता तहसिलीत शिक्के मारते.
परवा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर
सुटे पैसे मोजता मोजता
स्कूटरच्या आरशात बघत राहिली.
"कोण आहे?" मी विचारलं.
प्लेट माझ्या हातात देत म्हणाली,
"खात राय बे. वळू नको."