सहा-दहाची फेरी

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला मी उठलो.
बांबोळीला रात्रपाळी होती,
आणि फेरी चुकली तर सिस्टर आंजेलीना
तोंडाने काही बोलत नाही,
नुसती घड्याळाकडे बघते.
चोडण एक, मेरशी एक.
कापलेल्या शेताची धसकटं चपलेतून टोचत होती.
बांधावरून पळताना मागे ऐकू येत होता माम कायतान,
रेफरीच्या सात पिढ्या
वडिलांपासून वर मोजत चाललेला.

फेरीत पाच मोटारसायकली,
रिकामी टोपली घेऊन पोदेर,
मुलीकडे रायबंदरला निघालेली इनासिन,
मांडीवर पेरूंची पिशवी,
आणि निळ्या शर्टातला मेरशीचा एक माणूस.
त्याला म्हणे बघवत नव्हतं,
म्हणून निघून आला होता.

सुकूरने फळी उचलली. साखळ्या कुरकुरल्या.
नदीच्या मध्यावर फोनची रेघ जाते,
तशी ती गेली.

आधी काहीच नाही.
मग तिवरांतले बगळे उठले,
सगळे एकदम,
कुणी अंथरूण झटकावं तसे,
आणि त्यांच्या मागून आवाज आला.

सुकूरने इंजिन बंद केलं.

‘कोणाचो?’ पोदेरने विचारलं.
कोण सांगणार?
गर्जनेला जर्सी नसते.
निळ्या शर्टाने छातीवर खूस काढला.
मी शांतादुर्गेला एक नारळ बोललो,
मग घाबरून दोन.
इनासिन मात्र डोळे मिटून बसली होती,
झाकण न काढता
पेजेची उकळी ऐकावी तशी.

‘आमचो.’

कशावरून?

‘मेरशीचे ओरडतात आणि थांबतात.
आमच्यांना थांबायचं कळत नाही.
सवय कुठे आहे?’

आणि खरंच, थांबत नव्हतं.
पाण्यावरून येतच राहिलं,
त्यात नरकासुराच्या रात्रीचे उरलेले फटाके,
त्यात कपेलाची घंटा, वेडीवाकडी,
दोरी कुणा शुद्धीत नसलेल्याच्या हाती गेल्यासारखी,
त्यात एक कुत्रं.

सुकूर हसला नाही.
बावीस वर्षं नदी आडवी कापतोय हा माणूस,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
लांबीला कधी गेला नाही.
त्याने भोंगा धरला तो सोडलाच नाही,
दुसऱ्या हाताने चाक फिरवलं,
आणि मांडवीच्या मधोमध फेरीने काढला
एक सावकाश, पुरता गोल.
रायबंदर, पणजीचे दिवे,
कांदळवन, चोडण,
पुन्हा रायबंदर.

पिशवी कलंडली. पेरू डेकवर घरंगळले.
एक निळ्या शर्टाच्या पायाशी गेला.
त्याने तो तळव्याखाली थांबवला,
बघत राहिला,
मग पायाच्या आतल्या बाजूने
अलगद पोदेरकडे पास दिला.
चांगला पास होता. सांगायला हवं.

धक्क्यावर फोन लागला.
नुसता गोंगाट,
कुणीतरी रडत होतं, बहुतेक माझा भाऊ,
आणि एवढंच कळलं: कॉर्नर. बस्त्यांव.

वीस मिनिटं उशीर.
सिस्टरने घड्याळ पाहिलं.
अकरा नंबरच्या खाटेवर चोडणचाच म्हातारा,
नाकात नळी,
सकाळपासून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं त्याने.
मी दोन बोटं दाखवली, मग एक.
त्याने हाताने खूण केली: सांग.
मी सलाइन बदलत सांगितलं,
कॉर्नर कसा वळला,
गोलकीपर कसा पुढे आला, चुकला,
बस्त्यांवचा गुडघा कसा मध्ये आला.
‘डावा?’ त्याने विचारलं.
डावा, मी म्हणालो.
पहाटे पुन्हा विचारलं. पुन्हा डावा.

नंतर गावात ऐकलं, खांदा होता.
कुणी म्हणतं मान.
माम कायतान म्हणतो, वारा,
बस्त्यांव नुसता तिथे उभा होता.

असेल.
अकरा नंबरने गुडघा नेला.
मी तो परत मागणार नाही.