फुटक्या भोंग्याचं चुंबक

भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे सायत्राकाकीच्या तीन बैठका झाल्या.
मी सोबत, पिशवी धरायला.
पडद्याआड एक पट्टा, पट्ट्यात लाल दिव्यांची रांग,
दिव्यांच्या मधोमध बटनांएवढी चुंबकं.
वीस मिनिटं मांडीला गुंडाळून पडून राहायचं.
उजेड मांसात उतरतो, तिथली पोरगी म्हणाली,
आणि चुंबक रक्ताला हाक मारते.
काकीनं विचारलं,
कोन्त्या नावानं?

चौथ्या बैठकीला काकी एसटीत चढलीच नाही.
म्हणे, पट्टा जे देते
ते वरठीच्या फाट्यापर्यंत गाडी वापस घेते.

डावी मांडी.
चाळीस वर्षं तिच्यावर कोशाचा धागा वळला.
उकडलेले कोशे मडक्यात, त्या वासाचं घर,
सहा-सात तंतू एकत्र धरून
तळव्याचा एक रेटा, एक ओढ,
एक रेटा, एक ओढ.
कातडी नदीतल्या गोट्यासारखी झालेली, लव कधीच गेली.
दुखणं मात्र पार खाली, हाडाशी,
जिथे धागा कधी पोचलाच नव्हता.

मी भोंगे दुरुस्त करतो.
फाटलेला पडदा फेकतो, चुंबक ठेवतो:
काळं, जड, मधे भोक पडलेल्या भाकरीसारखं.
यातल्या एकानं निमज्यांच्या घरची तीन लग्नं वाजवली,
एक दंडारीत पहाटेपर्यंत ओरडलं,
एक सरपंचाच्या निवडणुकीत जळलं,
कोणाच्या बाजूनं ते आता आठवत नाही.
निवडून चार लहान घेतली.
मंडपाच्या गेटवरच्या माळेतले लाल दिवे काढले, फक्त लाल,
आणि बायकोच्या जुन्या पर्सचा पट्टा.
वजन दीड किलो.

काकी, मी म्हटलं, मी काही डॉक्टर नाही,
यात गुण आहे का नाही, मला ठाऊक नाही.
तुहा भोंगा तरी कुटं खरं बोल्ते, ती म्हणाली,
अन् पाय लांब केला.

दिवे लागले. तिनं आधी तळवा धरला वर.
बोटांच्या कडा पेटल्या, आतून,
जास्वंदीसारख्या.
किती वेळ उलटसुलट करून पाहिलं.
मंग म्हणाली, बाप्पा, हे माह्यातच होतं?

नवव्या दिवशी लाइन गेली.
दिवे विझले, पट्टा तिनं सोडला नाही.
कुशीवर वळली तर कथडीतून
टक.
अंधारात काहीतरी येऊन चिकटलं.
मोबाइलचा उजेड धरला मी:
दाभण.
पोळ्यापासून हरवलेलं, आणि ज्याच्यासाठी
शेजारच्या भुमेश्वरीला काकी चोर म्हणाली होती
विहिरीवर, चार बायांच्या समोर.

काकी काही बोलली नाही.
दाभण चुंबकावर उभं, थोडं थरथरत.
तिनं ते ओढून काढलं, पुन्हा लावलं,
पुन्हा काढलं.

सकाळी ती निघाली, पट्टा घालूनच,
लुगड्याखाली फुगीर, भिंत धरत, दोनदा थांबत.
भुमेश्वरीच्या दारात काय झालं मला माहीत नाही.
मी पाण्याच्या टाकीआड उभा होतो, ऐकू आलं नाही,
भोंगेवाला असून.
एवढंच दिसलं की आधी दार अर्धं लागलं
आणि बऱ्याच वेळानं
वाटीभर लाखोळीची डाळ घेऊन काकी बाहेर आली,
दाभण तिथंच ठेवून.

आता दुखते का काकी?
दुकते ना, दुकाले काय झालं.
पन ऊनऊन दुकते.

आता रोज दुपारी दोघी आळीपाळीनं पट्टा घालतात.
भुमेश्वरीचा खांदा आहे.
त्यांचं भांडण आता वीस मिनिटं कोणाची पूर्ण झाली यावर.

काल तुमसरहून एक जण आला,
जत्रेसाठी भोंगा हवा, आजच्या आज.
मी पेटी उघडून दाखवली.
पडदा आहे, म्हटलं, तारही आहे,
चुंबक मात्र
सध्या कामावर गेलंय.