दरजा

पंपघर पाडलं तेव्हा नऊशे विटा निघाल्या.
वालावलकर म्हणाले, भंगारात देऊ.
मी म्हटलं, बागेत भिंत घालू, कमरेइतकी,
काहीही न अडवणारी.
यावर कार्यकारिणीची चाळीस मिनिटं गेली
आणि रंगाचं काम माझ्या गळ्यात पडलं,
टिपणीसबाईंना दृष्टी आहे म्हणून.

आहे. उजव्या डोळ्यात बसवलेलं भिंग आहे,
तरी आहे.
बत्तीस वर्षं चेंबूर नाक्यावर, एका माडीवर,
मी दात घडवले. दुसऱ्यांचे.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं.
सोळा छटांची पट्टी असायची,
पिवळट, करडी, चहाची, विडीची,
ती ओठाशी धरायची उत्तरेच्या खिडकीत
आणि आधी सांगायचं, जीभ फिरवा.
कोरडा दात खोटं बोलतो.

नरसय्याचं उलटं.
ओला माल खोटं बोलतो, म्हणाला,
आणि जुन्या फळीवर पाच थापा मारल्या.
साध्या सिमेंटची. पांढऱ्या सिमेंटची.
चुना आणि विटेच्या भुकटीची.
लाल ऑक्साइडची, डायसबाईंचा हट्ट.
काळी, कारण वालावलकरांच्या जावयाकडे पवईला तशी आहे.
सात दिवस बोट लावायचं नाही.

मी बोट लावलं नाही. बघत राहिले.
सकाळी सातला, दुपारी,
आणि माहुलची ज्योत आभाळात दिसायला लागते तेव्हा.
पांढरी बघून कोटणीस आठवले:
मुलीच्या लग्नाआधी पुढचा एक दात शुभ्र हवा होता त्यांना.
सगळे फोटो त्या दाताचे आले.
काळीत प्रत्येक वीट सुतकातली.
लाल भरली तर विटाच कुठे उरतात?
गेरू फासलेला एक ठोकळा.

फळीच्या कडेला आणखी एक होती.
ओघळ, बोटभर,
ना राखी ना तांबूस,
सुक्या बोंबलाच्या पाठीसारखी,
नाही, तशीही नाही.
ही कुठली रे?
ती नाही बाई. ती बादली धुतली.

पुन्हा होईल?
तो हसला. खालचा डावा एक दात नाही त्याला.
माझ्या पट्टीत तो ए-साडेतीन.
आधी पाचही कालवावे लागतील, म्हणाला,
मग पाचही फेकावे लागतील.

भिंत तोवर उभी होती, साध्या मालात,
सांधे बोटभर खरवडून ठेवलेले.
त्याला तो दरज म्हणतो. एक दरज, अनेक दरजा.
वालावलकरांनी इतिवृत्तात लिहिलं,
भिंतीचा दर्जा भरणे, रुपये सहा हजार.

मी डबीच्या झाकणानं मापं घेतली, वहीत लिहिली.
पहिल्या दिवशी हिरडीचा रंग आला.
दुसऱ्या दिवशी भिजलेल्या वर्तमानपत्राचा.
तिसऱ्या दिवशी मी दमले आणि नरसय्याला बिडी सुचली.
चौथ्या दिवशी जवळपास.
तोंडात जवळपास चालत नाही, मी म्हटलं.
भिंतीत चालतं, तो म्हणाला,
तोंड रोज उघडतं, भिंत कुठे उघडते?
त्याच्याकडे थापी होती. मी ऐकलं.

तीन दिवस तो उकिडवा बसून भरत होता,
लोखंडी पट्टीनं दाबत, ओल्या पोत्यानं पुसत,
आणि मी खुर्ची टाकून, छत्री धरून, उन्हात.
सून गॅलरीतून हाका मारत होती गोळीसाठी.

पुढच्या शनिवारी वालावलकर आले.
बराच वेळ उभे राहिले हात मागे बांधून,
या टोकाला, मग त्या टोकाला.
छान झालीय, म्हणाले.
रंग कधी देणार?

बत्तीस वर्षांत एवढं कौतुक
कुणी केलं नव्हतं माझं.
मी नरसय्याकडे पाहिलं.
तो नळाखाली बादली धूत होता,
आता पाणी गटारात ओतणार,
थांब, म्हटलं,
जरा बघू दे.