नेफा

डॉक्टरांनी विचारलं, ही बोटं किती, आज वार कोणता.
नातेवाइकांनी विचारलं, हात हलतो का.
टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
रेश्मा तांबोळी नावाच्या मुलीनं पहिल्यांदाच विचारलं,
'काका, तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करायचंय?'

मी बराच वेळ शोधत राहिलो.
शब्द हल्ली उधारीवाल्या गिऱ्हाइकासारखे
उंबऱ्यापाशी घुटमळतात,
आत येत नाहीत.
शेवटी डाव्या हातानं पोटाशी
हवेतच एक गाठ मारून दाखवली.
इंदू म्हणाली, 'नाडी.'
आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

चव्वेचाळीस वर्षं रविवार पेठेत
लोकांच्या कमरा मोजल्या मी.

रेश्माकडचं सामान सगळं घरातलंच.
परातीत तांदूळ, तांदळात लपवलेले वाटाणे,
दोरीवरचे चिमटे, फोम गुंडाळलेला चमचा,
ताट पळू नये म्हणून खाली ओलं फडकं.
'सदरा घालताना आजारी हात आधी,
काढताना शेवटी.'
इतक्या बाह्या जोडल्या जन्मात,
लुळ्याचा मान पहिला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

रोज दोन तास डाव्या हाताला
तव्यावरचा जाड हातमोजा.
चांगल्याला शिक्षा, असं म्हणायचं होतं मला;
तोंडातून निघालं, 'शाळा.'
'शाळाच आहे,' ती म्हणाली.

नवव्या आठवड्यात म्हणाली, 'तोवर इलॅस्टिक लावायचं?'
इंदूनं कपाळाला हात लावला.
इलॅस्टिक मागणारी गिऱ्हाइकं परत पाठवलीत मी,
कमरेला आळस शिवत नाही आम्ही, असं ऐकवून.

पोरगी वाद घालत बसली नाही.
टेबलावर माझाच लेंगा ठेवला,
बोहरी आळीतून आणलेली पाऊण इंची पट्टी,
आणि एक सेफ्टी पिन.
'तुम्हीच घाला. मला येत नाही.'
(खोटं असेल. नसेलही.
तिच्या एप्रनचं बटण बघा, कसं टाकलंय.)

उजव्याचं काम एवढंच:
कापडावर इस्त्रीसारखं पडून राहायचं.
डाव्यानं पिन ढकलायची, चुणी गोळा करायची, ओढायची,
पुन्हा ढकलायची.
तेवढ्यात उजवा अंगठा वळला.
कापड चिमटीत धरल्यासारखा.
'बघा,' रेश्मा म्हणाली.
मी बघितलं, तर थांबला.

दुकानात नवीन आलेली पोरं अशीच असायची.
वर उभं राहिलं की हमखास टीप वाकडी.
मी लाकडी पट्टी मारायचो त्यांच्या बोटांवर.
आता मीही खिडकीबाहेर बघतो.
स्वारगेटकडे जाणारी बस,
समोरच्या गच्चीत कुणाचा तरी टॉवेल.
हाताखाली काहीतरी सरकतंय,
ते बघायचं नाही.

मागच्या शिवणीपाशी पिन अडली.
खाली रिक्षावाला हॉर्न देत होता.
इंदू पुढे झाली.
'राहू दे,' मी म्हणालो.
'नेफ्यात आहे.'
नेफा.
तीन महिने कुठे होता हा शब्द?

अर्धा ओवलेला लेंगा तसाच पिशवीत घातला,
पिशवी अडकवली उजव्या हाताला.
'पिन आहे आत,' इंदू म्हणाली, 'टोचेल.'

टोचली तर सांगतो.